ग्रंथालयाच्या भिंतीवर स्थानिक कलाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी एका सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक कलाकारांची प्रदर्शनं मांडतो आहे. ग्रंथपाल, समितीचे सदस्य, कलाकार आणि मुख्य म्हणजे वाचक या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. कलादालनात माणूस चित्र बघायला म्हणून जातो. ग्रंथालयात तो वर्तमानपत्र चाळायला, अभ्यासाला, पुस्तक बदलायला आलेला असतो आणि चित्र त्याला वाटेत भेटतं. जागा, उजेड, चित्राखालची पाटी, मुदत हे सगळं या वाटेतल्या भेटीच्या हिशेबाने ठरवावं लागतं.

पुस्तकांच्या घरात चित्रं कशाला? हे ग्रंथालयाचं काम आहे का?

आहे, आणि ते आजचं नाही. जॉन कॉटन डेना १९०२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख झाले. त्यांनी ग्रंथालयाच्याच इमारतीत कलाप्रदर्शनं भरवायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये त्याच इमारतीत न्यूअर्कचं संग्रहालय सुरू झालं. सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा युनेस्कोचा जाहीरनामा १९४९ सालचा. तो पुढे १९७२, १९९४ आणि २०२२ मध्ये सुधारला गेला. १९९४ च्या मसुद्यात कलांविषयीची जाण वाढवणं हे ग्रंथालयाच्या कामांत गणलं आहे.

मला स्वतःला भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचं सूत्र जास्त जवळचं वाटतं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यांतलं तिसरं. घरातल्या कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्राला हे सूत्र जसंच्या तसं लागू होतं. बघणारा माणूस कुठेतरी असतोच, फक्त दोघांची गाठ पडायची राहिलेली असते.

'स्थानिक कलाकार' म्हणजे नेमकं कोण?

ग्रंथालयाची सेवा जिथवर पोहोचते तिथे राहणारा, काम करणारा किंवा शिकणारा कोणीही. पदवी, पुरस्कार, आधीची प्रदर्शनं यांची अट घालू नका. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ब्रश हातात घेतलेली व्यक्तीही यात येते आणि कलाशाळेतली विद्यार्थिनीही येते. 'हौशी' आणि 'व्यावसायिक' असे दोन वेगळे गट करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. वाटेत चित्र भेटणाऱ्या वाचकाला या वर्गवारीचा काही उपयोग नसतो.

निवड कोणी आणि कशी करायची?

एकट्याने कधीच करू नका, मग तुम्हाला चित्रकलेतलं कितीही कळत असो. तीन ते पाच जणांचा गट पुरतो: ग्रंथपाल, एखादा जाणकार कलाकार आणि ज्याचा कलेशी व्यवसाय म्हणून संबंध नाही असा किमान एक नियमित वाचक. त्या वाचकाचं मत फार मोलाचं असतं. जाणकार मंडळी रंगलेपनाबद्दल बोलत असताना तो सांगतो, "हे चित्र रोज समोर दिसलं तर मला आवडेल." गटातल्या कुणाचं स्वतःचं किंवा नात्यातल्या माणसाचं काम आलं असेल, तर त्या कामाच्या वेळी त्याने बाहेर बसावं.

निकष आधी लिहून काढा आणि अर्जाबरोबरच द्या: कामाचा दर्जा, आपल्या जागेत ते सुरक्षित मांडता येईल का, आकार आणि वजन, फ्रेमची अवस्था. नकार कळवायचा तो लेखी, मुदतीत आणि कारणासह. "यंदा जमलं नाही" एवढ्या निरोपाने माणूस वर्षभर खट्टू राहतो. "तुमची चित्रं आमच्या भिंतीसाठी मोठी आहेत, लहान आकारातली असतील तर पुन्हा अर्ज करा" असं लिहिलं तर तो खरोखर परत येतो.

एखाद्या चित्रावर वाचकाने आक्षेप घेतला तर?

चित्र लगेच उतरवू नका आणि वाचकाला झटकूनही टाकू नका. तक्रार लेखी घ्या, निवड समितीपुढे ठेवा आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर द्या. तोवर चित्र जागेवर राहील, हा नियम प्रदर्शनधोरणात आधीपासून असला पाहिजे. वाद उभा राहिल्यावर केलेला नियम नियम वाटत नाही, बाजू घेतल्यासारखा वाटतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये ग्रंथालयांची हक्कसनद स्वीकारली. तीत प्रदर्शनाची जागा लोकांसाठी खुली असेल तर ती मागणाऱ्याच्या विचारांकडे किंवा त्याच्या गटाकडे न बघता समन्यायाने द्यावी, असं तत्त्व आहे. कुठल्याही देशातल्या ग्रंथालयाने ते डोळ्यांसमोर ठेवावं.

जागेचा विचार मात्र करता येतो. लहान मुलांना न पेलणारं चित्र बालविभागाच्या दारासमोर लावू नये. असं चित्र संदर्भ विभागातल्या आतल्या भिंतीवर न्यावं. याला बंदी म्हणता येणार नाही, पुस्तकांची मांडणीही आपण अशाच विचाराने करतो.

आमच्याकडे मोकळी भिंतच नाही, सगळीकडे कपाटं आहेत. मग?

एकदा वाचक होऊन आत या आणि आपण कुठे थांबतो ते बघा. देवघेवीच्या टेबलासमोरची रांग, जिन्याचा वळणावरचा टप्पा, पाण्याच्या जागेकडे जाणारा बोळ, वर्तमानपत्रांच्या स्टँडच्या वरची पट्टी, कपाटांच्या ओळींच्या बाजू. माणूस जिथे मिनिटभर उगाच उभा असतो ती जागा एखाद्या मोठ्या पण रिकाम्या सभागृहापेक्षा चांगली. आमच्याकडे सगळ्यात जास्त पाहिली जाणारी जागा देवघेवीच्या रांगेच्या डाव्या हाताची आहे. तिथे जेमतेम दोन चित्रं मावतात.

आणीबाणीचं दार, अग्निशामक नळकांडं, विजेची पेटी यांच्यावर किंवा आड काहीही लावायचं नाही. वाटेची मोकळी रुंदी किमान ९० सें.मी. ठेवा म्हणजे चाकाच्या खुर्चीला अडचण होत नाही.

चित्र किती उंचीवर टांगायचं?

दालनांत चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४५ ते १५२ सें.मी. वर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. ग्रंथालयात मी १४० च्या आसपास ठेवतो. इथे बसून बघणारे, मुलं आणि चाकाच्या खुर्चीतून येणारे वाचक जास्त असतात. सगळ्या चित्रांचे मध्यबिंदू एका रेषेत हवेत. वरच्या कडा एका रेषेत आणण्याची धडपड करू नका.

खिळा कुठे मारायचा याचा हिशेब सोपा आहे, तरी त्यातच सगळे चुकतात. मध्याची उंची घ्या, तिच्यात फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा आणि तार ताणल्यावर तिचं टोक फ्रेमच्या वरच्या कडेखाली जितकं येतं तितकं वजा करा. समजा फ्रेम ६० सें.मी. उंच आहे आणि तार वरच्या कडेपासून ८ सें.मी. खाली ताणली जाते. मग १४० अधिक ३० वजा ८, म्हणजे हुक १६२ सें.मी. वर. तार बोटाने वर ओढून मग मोजा. सैल असताना मोजलं तर चित्र ठरवल्यापेक्षा खालीच लटकतं.

तारेबद्दल आणखी एक गोष्ट. तार कडक ताणून बांधली की चित्र पक्कं बसतं, असा समज आहे. प्रत्यक्षात तार जितकी आडवी आणि ताठ, तितका तिच्यावरचा ताण जास्त. टांगल्यावर तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर तिच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या वजनाइतका ताण येतो. कोन १० अंशांवर आला की तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून थोडी ढील द्या आणि डी-रिंगा, म्हणजे तार अडकवायच्या D आकाराच्या कड्या, फ्रेमच्या वरच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर बसवा. जड फ्रेमला तारेऐवजी दोन डी-रिंगा थेट दोन हुकांवर अडकवणं उत्तम. पाणसळ लावून एकदा सरळ केली की ती दाराच्या धक्क्याने तिरकी होत नाही.

भिंतीला दर वेळी भोकं पाडायला समिती तयार नाही.

समितीचं बरोबर आहे. छताखाली ॲल्युमिनियमची पट्टी एकदाच बसवून घ्या. तिच्यातून सरकणाऱ्या दोऱ्या किंवा सळ्या आणि त्यांवर वरखाली होणारे हुक मिळतात. पट्टी बसवताना गिट्टी आणि स्क्रू भिंतीच्या जातीप्रमाणे निवडा आणि पट्टी किती वजन पेलते ते तिच्यावरच चिकटवून ठेवा. चिकटपट्टीवर काहीही टांगू नका. हलकी फ्रेमसुद्धा नको.

उजेडाने चित्रं खरंच खराब होतात का? आमच्याकडे तर ट्यूबलाइट आहेत.

होतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. सगळं पान वाचायला वेळ नसेल, तर निदान हे उत्तर तरी वाचा.

उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात तो लाखाच्या आसपास जातो. वाचायच्या टेबलावर आपण साधारण ३०० ते ५०० लक्स ठेवतो, कारण त्यापेक्षा कमी उजेडात अभ्यास करणाऱ्यांचे डोळे दमतात. जलरंग, पेस्टल, छापचित्रं आणि रेखाटनं यांच्यासाठी मात्र आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने २००४ च्या अहवालात ५० लक्सची मर्यादा सुचवली आहे आणि वर्षभराचा एकूण हिशेब दीड लाख लक्स-तासांचा (लक्स गुणिले तास). आता आपला हिशेब करा: ५०० लक्स, दिवसाला १० तास, म्हणजे रोजचे ५,०००. तीस दिवसांत दीड लाख. वाचनकक्षाच्या प्रकाशझोतात एक महिना लटकलेल्या जलरंगाने वर्षाचा सगळा वाटा संपवलेला असतो. विटण्याची जास्त शक्यता असलेल्या गटासाठी वर्षाला फक्त १५,००० लक्स-तास धरतात. मार्कर पेनच्या बऱ्याच शाया या नाजूक गटातल्या आहेत. अशी शाई त्याच जागी तीन दिवसांत आपला वाटा संपवेल.

तैलरंग आणि ॲक्रिलिक बरेच दणकट. त्यांना २०० लक्सपर्यंत चालतं. दगड, धातू, भाजलेली माती यांना उजेडाची फारशी भीती नाही. त्यामुळे माझी वाटणी ठरलेली आहे: खिडकीजवळ शिल्प, टेबलांच्या बाजूला तैलरंग, आतल्या मंद भिंतीवर कागदावरचं काम. नुसती जागा बदलण्याने निम्मं संरक्षण होतं आणि त्याला काही खर्च लागत नाही.

एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळपास येत नाहीत, पण म्हणून धोका संपत नाही. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग विटवतोच. खिडकीला अतिनील रोखणारी फिल्म लावा. तरीही ऊन थेट पडत असेल तर तिथे कागद लावू नका.

समितीला हे पटवायचं असेल, तर मी केला तो प्रयोग करा. रंगीत घोटीव कागदाची एक पट्टी घ्या, तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि ती खिडकीशेजारी टांगून ठेवा. दोन महिन्यांनी मी पुठ्ठा काढला, तेव्हा मधोमध सरळ रेषा दिसत होती. एका बाजूला गडद गुलाबी, दुसऱ्या बाजूला फिका, धुतल्यासारखा रंग. ती पट्टी आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्या कलाकाराशी बोलताना मी ती आधी बाहेर काढतो.

ओल, कीड आणि पंख्याचा वारा यांचं काय करायचं?

बाहेरच्या भिंतीवर ओल असते, तिथे शक्यतो कागद नको. लावायचाच असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे ठोकळे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरायला सुरुवात होते. एसीचा झोत किंवा पंख्याचा वारा थेट चित्रावर नको.

येणारी प्रत्येक फ्रेम आत घेण्याआधी मागून बघा. जुन्या फ्रेमच्या मागच्या कागदात कसर असते, लाकडात भुंगा असतो आणि आपल्या घरात हजारो पुस्तकं आहेत. लाकडावर ताजी भुकटी दिसली तर ती फ्रेम दारातूनच परत. कलाकाराला वाईट वाटतं, पण कारण समजावलं की तो मान्य करतो.

फ्रेमला काच बरी की ॲक्रिलिक शीट?

वर्दळीच्या जागी ॲक्रिलिक. ती हलकी असते आणि पडली तरी तिच्या धारदार कपच्या उडत नाहीत. अपवाद पेस्टल आणि चारकोलचा. ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची सुटी भुकटी ओढून घेते, म्हणून तिथे काचच हवी. दोन्हींत चित्र शीटला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा आणि तो आम्लमुक्त. साध्या माउंटच्या कडेने काही वर्षांत कागदावर तपकिरी रेघ उमटते. पुसताना द्रावण कापडावर घ्या, काचेवर फवारू नका, नाहीतर ते फ्रेमच्या खाचेतून आत झिरपतं. अमोनिया असलेलं द्रावण ॲक्रिलिकवर वापरू नका, शीट धुरकट होते.

कलाकाराशी लेखी करार कशाला? सगळे ओळखीचेच आहेत.

ओळखीचे आहेत म्हणूनच करावा. आमच्याकडे एका प्रदर्शनाच्या शेवटी एका फ्रेमचा कोपरा उडालेला निघाला. कोपरा आमच्याकडे उडाला की येतानाच तसा होता, हे कुणालाच सांगता येईना. दोन्ही बाजूंची माणसं भली होती, तरी बोलणं अवघड झालं. ग्रंथालयाने फ्रेम बदलून दिली, पण तो कलाकार पुन्हा आला नाही. ते मला अजून लागून आहे. आमची चूक एवढीच की आम्ही येताना काही लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक कामाची स्थितीनोंद होते. पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, आधीचे चरे आणि डाग यांची यादी, दोघांच्या सह्या. एका कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत. करार दोन पानांपेक्षा मोठा नसावा आणि साध्या भाषेत असावा. त्यात एवढं हवं: कामांची यादी आणि कलाकाराने सांगितलेलं मूल्य, आणण्याची आणि परत नेण्याची तारीख, ने-आण कोण करणार, नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, विम्याची स्थिती, फोटो कशासाठी वापरणार, विक्रीचे नियम, आणि मुदतीनंतर काम नेलं नाही तर ते किती दिवस सांभाळणार. हे शेवटचं कलम सगळे विसरतात आणि मग कोठीत कोणाची तरी सहा चित्रं वर्षानुवर्षं पडून राहतात.

विमा आहे का?

ग्रंथालयाच्या इमारतीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू आपोआप येतील असं धरून चालू नका. विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर 'नाही' असेल तर कलाकाराला ते करार करण्याआधी सांगा. विमा नसतानाही बरेच कलाकार तयार होतात. मात्र ठरवण्याआधी त्यांना खरं माहीत असायला हवं.

चित्रांची विक्री करता येते का?

ज्या कायद्याखाली किंवा संस्थेखाली ग्रंथालय चालतं तिथे परवानगी असेल, तर करता येते. माझं मत असं की ग्रंथालयाने पैशाला हात न लावणं सगळ्यात स्वच्छ. इच्छुकाचं नाव आणि संपर्क वहीत घ्यावा, तो कलाकाराला द्यावा, पुढचा व्यवहार त्या दोघांत. किंमत भिंतीवर न लिहिता देवघेवीच्या टेबलाशी ठेवलेल्या यादीत असावी. खासगी दालनं विक्रीतून अनेकदा निम्म्यापर्यंत वाटा घेतात, कारण त्यांचं भाडं, प्रसिद्धी, पगार त्यातून निघतो. आपली भिंत लोकांच्या पैशातून उभी आहे. वाटा घ्यायचाच ठरला तर तो छोटा असावा, जाहीर असावा आणि पुस्तकखरेदीसारख्या ठरावीक कामालाच जावा.

विकलेलं चित्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहील, हेही आधी लिहून ठेवा. मध्येच रिकामा हुक दिसला की वाचक हमखास विचारतात, चोरीला गेलं का.

कलाकाराला मानधन द्यायचं का?

जमत असेल तर जरूर. "तुम्हाला प्रसिद्धी मिळते आहे ना" हे उत्तर कलाकारांनी फार वेळा ऐकलेलं असतं. मानधन शक्य नसेल तर निदान फ्रेम आणि ने-आण यांचा खर्च द्या. मुलांसाठी कार्यशाळा किंवा व्याख्यान ठेवलं तर त्याचे पैसे वेगळे, कारण ते वेगळं काम आहे.

प्रदर्शनातल्या चित्रांचे फोटो आम्ही वापरू शकतो का?

विचारून. भिंत तुमची असली तरी चित्राचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत. इतकंच काय, चित्र विकत घेणाऱ्याला वस्तू मिळते. त्याच्या प्रती छापण्याचा हक्क लेखी दिल्याशिवाय सहसा कलाकाराकडेच राहतो. १८८६ च्या बर्न करारानुसार या हक्कासाठी नोंदणीची गरज नसते. तो कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो आणि अनेक देशांत त्याहून जास्त. १९२८ मध्ये त्या करारात नैतिक हक्कांची भर पडली: कामाला आपलं नाव लागण्याचा आणि कामाची विटंबना रोखण्याचा हक्क. आपल्या रोजच्या कामात याचा अर्थ असा की भित्तिपत्रकावर जागेत बसावं म्हणून चित्र कापायचं नाही, त्यावर अक्षरं टाकायची नाहीत, रंग बदलायचे नाहीत आणि फोटोखाली नाव द्यायचंच.

वाचकांनी फोनने फोटो काढावेत का, हे कलाकाराला विचारा आणि त्याचं उत्तर पाटीवर लिहा. फ्लॅश बंद ठेवायला सांगा. फोनच्या फ्लॅशने चित्राचं फारसं बिघडत नाही, पण शेजारी वाचत बसलेल्या माणसाचं लक्ष मोडतं.

चित्राखालच्या पाटीवर काय लिहावं?

कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम आणि आकार. आकारात आधी उंची, मग रुंदी. छापचित्र असेल तर आवृत्ती क्रमांक: ३/२५ म्हणजे पंचवीस प्रतींतली तिसरी. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको. गडद अक्षर, फिकी पार्श्वभूमी, चकाकणारा कागद नको.

खाली कलाकाराच्या शब्दांत दोन-तीन वाक्यं असावीत, आणि इथे माझा आग्रह आहे की ती वाटेत थांबलेल्या वाचकासाठी हवीत. 'अस्तित्वाच्या अमूर्त अवकाशाचा शोध' वाचून तो पुढे जातो. एका चित्रकर्तीने एकदा लिहून आणलं होतं, "हा जिना मी रोज उतरते. पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी साचतं, ते मला चार वर्षं काढायचं होतं." लोक आधी पाटी वाचत, मग चित्रात तिसरी पायरी शोधत आणि मग बराच वेळ तिथेच उभे राहत. मी कलाकारांशी बसून एकच प्रश्न विचारतो: हे चित्र काढताना सगळ्यात अवघड काय गेलं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा पाटीवर जसंच्या तसं जातं.

शिल्पं, मातीकाम, कापडावरचं काम ठेवता येतं का?

येतं. शिल्पाचा पाया जड आणि रुंद हवा, धक्का लागला तरी न डगमगणारा. भिंतीतून बाहेर आलेली वस्तू साधारण ७० ते २०० सें.मी. उंचीच्या पट्ट्यात १० सें.मी. पेक्षा जास्त पुढे येत असेल, तर पांढरी काठी वापरणाऱ्या वाचकाला ती काठीने कळत नाही आणि थेट खांद्याला किंवा तोंडाला लागते. अशा वस्तूखाली जमिनीपर्यंत ओटा ठेवा. कापडाला पूर्ण लांबीचा आधार द्या. दोन टोकांना अडकवलं की मधे ताण येऊन विणलेलं उसवतं.

मुलं हात लावतात!

लावणारच. 'हात लावू नये' अशी पाटी सगळीकडे ठोकण्यापेक्षा हात लावण्यासाठीच एक वस्तू ठेवा. त्याच कलाकाराने दिलेला भाजक्या मातीचा तुकडा, रंग वाळलेला जुना पॅलेट, कोरलेला लाकडी ठसा. त्यावर 'हाताळून बघा' असं लिहा, आणि ब्रेलमध्येही. आमच्याकडे असा ठसा ठेवल्यापासून भिंतीवरच्या चित्रांना लागणारे हात कमी झाले, आणि ठशावर बोटं फिरवत एका दृष्टिहीन वाचकाने मला त्यातलं पान आणि देठ दाखवलं. तोवर मी तो ठसा उलटा धरत होतो.

प्रदर्शन किती दिवस ठेवावं?

चार ते सहा आठवडे. पुस्तकाची मुदत बघा: पंधरा दिवसांनी पुस्तक बदलायला येणारा सभासद या काळात दोन-तीनदा येतो. पहिल्या वेळी त्याला भिंतीवर काहीतरी आहे एवढंच दिसतं, दुसऱ्या वेळी तो थांबतो. त्याहून जास्त ठेवलं तर चित्र भिंतीचाच भाग होऊन दिसेनासं होतं. कागदावरच्या कामाला उजेडाचा हिशेब आहेच. दोन प्रदर्शनांच्या मध्ये भिंत आठवडाभर मोकळी ठेवा.

उद्घाटन समारंभ हवाच का?

हवाच असं नाही. पाहुण्यांची भाषणं चालू असताना चित्रांकडे सगळ्यांची पाठ असते. त्यापेक्षा कलाकाराने एका संध्याकाळी दोन तास चित्रांजवळ बसावं, समोर एखादं अर्धवट काम घेऊन. येणारा-जाणारा थांबतो, विचारतो. वाचनकक्षाला त्रास होणार नाही अशी जागा आणि वेळ निवडा.

चित्रं आणि पुस्तकं जोडायची कशी?

प्रदर्शन ठरलं की कलाकाराला आपल्या संग्रहातून पाच-सात पुस्तकं निवडायला सांगा आणि चित्रांशेजारी छोट्या मांडणीवर ठेवा. ती कलेवरचीच असली पाहिजेत असं नाही. आमच्याकडे एकाने पक्ष्यांची, पुलांच्या बांधकामाची आणि एक कवितांची अशी पुस्तकं निवडली होती, आणि पूल बघितल्यावर त्याच्या चित्रांतल्या कमानींचा उलगडा झाला. ही पुस्तकं लगेच घरी नेता आली पाहिजेत. नुसती शोभेला ठेवू नका.

किती लोकांनी पाहिलं, हे समितीला कसं सांगायचं?

दारावरची मोजणी उपयोगाची नाही, कारण सगळेच काही चित्रं बघत नाहीत. आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या वेळी, अर्धा तास बसून किती जण थांबले ते मोजा. शेजारी एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन्सिल ठेवा. वहीतला मजकूर आकड्यांपेक्षा समितीला लवकर पटतो.

उतरवताना काय काळजी घ्यायची?

लावताना जेवढी घेतली तेवढीच. या दिवशी सगळ्यांना घाई असते आणि निम्मे अपघात तेव्हाच होतात. दोन माणसं, स्वच्छ कोरडे हात, फ्रेम दोन्ही बाजूंनी खालून धरायची. तारेला किंवा वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही. चित्रं उभी ठेवायची, पुढची बाजू पुढच्या बाजूला लावून, मध्ये पुठ्ठा. तैलचित्राच्या रंगावर बबलरॅप थेट गुंडाळू नका, गोल ठसे उमटतात. आधी गुळगुळीत कागद, मग बबलरॅप.

आलेल्या दिवशीची स्थितीनोंद समोर ठेवून प्रत्येक काम पुन्हा बघा, पोचपावतीवर सही घ्या. वहीतल्या अभिप्रायांची एक प्रत कलाकाराला द्या. बरेच जण ती चित्रांच्याही आधी उघडतात आणि तिथेच, खोक्यांच्या मध्ये उभं राहून, शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तेवढा वेळ त्यांना द्या, गाडी थांबू शकते.